फुजिइ काझेचा 'हेल्प एव्हर हर्ट नेव्हर' : रीलमधलं एक गाणं ऐकून सोडून देऊ नका

कोपऱ्यातला_श्रोता (धागाकर्ता):

२०२२ मध्ये ज्यांनी इन्स्टा उघडलं त्यांनी 'शिनुनोगा ई-वा' ऐकलेलं आहेच, नाव माहीत नसेल इतकंच. कोणीतरी अ‍ॅनिमेमधल्या हिरोचे तुकडे जोडलेले असतात आणि मागे एक जपानी पोरगा जीव तोडून "तुझ्यावाचून राहण्यापेक्षा मेलेलं बरं" अशा अर्थाचं काहीतरी गात असतो, तेच ते. थायलंडमध्ये टिकटॉकवर पेटलं, मग सगळीकडे पसरलं, आपल्याकडे टिकटॉक २०२० च्या जूनमध्येच बंद झालेलं म्हणून रील्समधून आलं. २०२२ च्या ३१ डिसेंबरला एनएचके या जपानी वाहिनीच्या कोहाकू या वर्षअखेरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात त्याने हेच गायलं.

तर गंमत अशी आहे की हे गाणं सिंगल म्हणून कधी आलंच नव्हतं. ते या पोराच्या, म्हणजे फुजिइ काझेच्या, 'हेल्प एव्हर हर्ट नेव्हर' या पहिल्या अल्बममधलं आठव्या नंबरचं गाणं. अल्बम २० मे २०२० ला आला, म्हणजे जपानमध्ये करोनाची आणीबाणी चालू असताना, एकूण अकरा गाणी, सगळी त्याने स्वतः लिहिलेली आणि चाली स्वतःच्या, प्रोड्यूसर याफल. दोन वर्षं ते गाणं आतल्या पानावर पडून होतं आणि मग अचानक जगाला सापडलं.

माझं म्हणणं एवढंच की हे आठवं गाणं सुटं ऐकलं तर ते प्रेमात वेड्या झालेल्या माणसाचं गाणं वाटतं, आणि पहिल्या 'नान-नान'पासून ओळीने ऐकत आलात तर ते तसं राहत नाही. पहिल्याच गाण्याबद्दल काझेने सांगून ठेवलंय की प्रत्येकाच्या आत एक वरच्या पायरीवरचा 'मी' असतो आणि तो आपल्याला हाका मारत असतो, हे गाणं त्याच्या बाजूने आहे. तो आतला माणूस वैतागून म्हणतोय की अरे मी आधीच सांगितलं होतं ना, मग ऐकलं का नाहीस. आता हा धागा पकडून आठव्या गाण्यापर्यंत या. आरशाला हाक मारणारी ओळ आहे त्यात. ज्याच्यावाचून मेलेलं बरं तो कोणी दुसरा नाहीच, तो आरशातलाच आहे. आणि शेवटचं 'काएरो' म्हणजे चला घरी जाऊ, ते तर सरळ मरणाबद्दलच आहे, पण रडकं नाही.

ऐकून झाल्यावर इथे लिहा. शिव्या पण चालतील.

चिंगी_डी:

वाचनखूण साठवली आहे. मला ते रीलचं गाणं प्रचंड आवडतं पण मी त्याला ब्रेकअपचं समजून ऐकत होते, आता तुम्ही म्हणताय तो स्वतःलाच म्हणतोय, माझ्या सगळ्या स्टेटसांचं काय करू 😂

सुपारीफोड:

अल्बम वगैरे आता कोण ओळीने ऐकतं हो. शफल चालू आणि भांडी घासायची.

निशिकासाईकर:

छान धागा. मी इथे तोक्योला बरीच वर्षं आहे, त्यामुळे थोडं इकडचं सांगतो. २०२० च्या त्या मे महिन्यात सगळी दुकानं बंद, ऑफिस घरून, आणि हा कोण खेड्यातला मुलगा म्हणून लोक यूट्यूबवर त्याचे जुने व्हिडिओ खणत बसलेले. तो ओकायामा प्रांतातल्या सातोशो नावाच्या गावचा, जन्म १९९७ चा, वडिलांचं कॉफीचं छोटं दुकान. बारा वर्षांचा असल्यापासून, म्हणजे २०१० पासून, पियानोवर दुसऱ्यांची गाणी वाजवून अपलोड करायचा. सुरुवातीच्या व्हिडिओत तर घरातल्या खोलीत अगदी लहान पोर दिसतो आणि हात बघाल तर पोराचे वाटत नाहीत.

पहिल्यांदा जी सीडी निघाली तिच्यासोबत दुसरी एक चकती होती, 'हेल्प एव्हर हर्ट कव्हर' नावाची, त्यातही अकराच गाणी आणि सगळी इंग्लिश कव्हर्स. 'शेप ऑफ यू', 'बीट इट', 'शेक इट ऑफ', 'बॅक स्टॅबर्स' अशी एकमेकांशी काही संबंध नसलेली, सगळी पियानो आणि आवाज एवढ्यावर. पुढच्या वर्षी ती वेगळी पण काढली, स्ट्रीमिंगवर मिळेल. धागाकर्त्यांना सुचवेन की मुख्य अल्बमच्या आधी ती ऐका, म्हणजे याचं संगीत आलंय कुठून ते कळतं. जुना सोल, जाझ, मायकेल जॅक्सन आणि त्यात जपानी शोवा काळातली कायोक्योकू म्हणजे तेव्हाची लोकप्रिय गाणी, एवढं सगळं एका पियानोत.

आर्या_पुणे३८:

मी जपानी शिकतेय (हो, पुण्यातल्या दर दुसऱ्या घरासारखी आमच्या घरातही एक जपानी शिकणारी आहे) आणि एन३ ही जपानीची परीक्षा पास होऊन मोठ्या तोऱ्यात हा अल्बम लावला तर पहिल्याच गाण्यात नापास. क्लासमधलं जपानी इथे नाहीच. तो ओकायामाच्या बोलीत गातो. स्वतःला 'वाशि' म्हणतो, जे आमच्या पुस्तकात म्हाताऱ्या आजोबांच्या तोंडी असतं, आणि हा बावीस वर्षांचा उंच पोरगा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर शूट केलेल्या व्हिडिओत ते म्हणतोय. खाली म्युझिक एकदम गुळगुळीत आर अँड बी. कोणी मालवणीत जाझ गायलं तर आपल्याला जे होईल ते मला झालं, आधी हसू आलं आणि मग दहा सेकंदांत हसू गेलं कारण ते बसत होतं.

आणि त्या गाण्याची सुरुवात काय आहे माहितीये का, समोरच्याच्या दातात हिरव्या समुद्री शेवाळ्याची पूड अडकलीये, सांगू की नको, काही सत्यं न बोललेलीच बरी. म्हणजे आत्मा-परमात्म्याचं गाणं दातातल्या कणापासून सुरू होतं. मला तो माणूस तिथेच आवडला. धागाकर्त्यांच्या पोस्टवरून वाटतं की अल्बम लय गंभीर आहे, तसा तो नाहीये हो.

शंकासुर:

कोणीच विषय काढत नाहीये म्हणून मी काढतो. अल्बमचं नाव परत एकदा वाचा. 'हेल्प एव्हर, हर्ट नेव्हर' हे सत्य साईबाबांचं वचन आहे. २०२२ मध्ये दुसरा अल्बम आला, त्याचं नाव 'लव्ह ऑल सर्व्ह ऑल', ते पण त्यांचंच. म्हणजे हा सरळसरळ बाबांचा भक्त आहे आणि अल्बमच्या पाटीवर बाबांचं ब्रीद लावून लाखो पोरांना विकतोय, त्यांना पत्ताही नाही. आतल्या मी-बिच्या गप्पा त्यातूनच आल्यात. जपानमध्ये या विषयावर आदळआपट झाली ती उगाच नाही.

सुपारीफोड:

घ्या, आला मुद्दा. भांडी बाजूला ठेवली.

केळफूल:

शिर्डीच्या साईबाबांनी इंग्लिशमध्ये कधी वचन दिलं??

शंकासुर:

शिर्डीचे नव्हेत हो. पुट्टपर्तीचे, आंध्रातले, भगवी कफनी आणि मोठे कुरळे केस असलेले, २०११ साली वारले. ते स्वतःला शिर्डीच्या साईबाबांचा अवतार म्हणवून घ्यायचे म्हणून हा घोळ कायम होतो. हवेतून विभूती आणि सोनसाखळ्या काढणारे. आपल्याकडे अंनिसच्या कार्यकर्त्यांनी तो विभूतीचा प्रयोग गावोगाव हाताने करून दाखवलाय.

केळफूल:

अच्छा ते. मग मला आठवलं, आमच्या शेजारच्या काकू गुरुवारी भजनाला जायच्या आणि त्यांच्या फ्रिजवर हेच वाक्य चिकटवलेलं होतं, काकूंनी अंधेरीला महाकाली गुंफांच्या रस्त्यावरच्या धर्मक्षेत्रातून आणलेलं. बाबांनी १९६८ मध्ये बांधलेलं ते ठिकाण, जोगेश्वरी-अंधेरीच्या लोकांना माहीत असेलच. आता तेच वाक्य तोक्योतल्या शिबुयाच्या होर्डिंगवर बघून काकूंना काय वाटलं असतं! जपानी माणसाला हे नाव म्हणजे छान इंग्लिश वाटलं असणार आणि आपल्यापैकी निम्म्यांना ते पाहताक्षणी भजनातल्या सतरंज्या आठवतात, मजा आहे.

निशिकासाईकर:

शंकासुर, जपानमधल्या आदळआपटीमागे एक वेगळी गोष्ट आहे ती लक्षात घ्या. २०२२ च्या जुलैमध्ये माजी पंतप्रधान आबेंवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यामागे युनिफिकेशन चर्च या पंथावरचा राग निघाला, तेव्हापासून इथे कुठल्याही पंथाचं नाव निघालं की लोक दचकतात. त्यात नेमकं याच काळात याचं गाणं जगभर गाजत होतं. आधीपासून चाहत्यांना हे माहीत नव्हतं असं नाही, त्याने लपवलंही नव्हतं, नावच ते ठेवलंय. पण 'न सांगता प्रचार करतोय' हा सूर तेव्हा चढला. ऑफिसात जेवताना मी एकदा हा विषय काढायचा प्रयत्न केला तर समोरच्याने हसून सूपबद्दल बोलायला सुरुवात केली. इथे धर्म हा जेवणाच्या टेबलावरचा विषय नाही.

कोपऱ्यातला_श्रोता:

शंकासुर, मुद्दा रास्त आहे आणि मी तो मुद्दाम वर लिहिला नव्हता कारण मला आधी गाण्यांवर बोलायचं होतं. आता निघालाच आहे तर बोलू.

अकरा गाण्यांमध्ये बाबांचं नाव एकदाही नाही, देवाचं नाव घेऊन कोणाला बोलावणं नाही, इकडे या, हे माना, असं काही नाही. पण विचार आहे, शंभर टक्के आहे. दुसरं गाणं 'मो ए वा' घ्या. कोणी म्हणायच्या आत मीच म्हणतो, पुरे आता, जेवढं करता आलं तेवढं केलं, पुढचं सोपवून देतो आणि मोकळा होतो. 'यासाशिसा'मध्ये समोरच्याचा चांगुलपणा अंगाला लागला की त्याला स्वतःची लाज वाटते. 'तोकुनि नाइ'मध्ये तर मला विशेष असं काही नकोच आहे म्हणून हात झटकतो. हे सगळं ज्याला जिथून मिळायचं तिथून मिळतं, त्याला ते तिथून मिळालं. तुम्ही बाबा मानत नाही, मीही मानत नाही, विभूतीच्या प्रयोगाबद्दल माझं मत तुमच्यासारखंच आहे. पण मी या अल्बमचं पाकीट आणि आतलं पत्र वेगळं करून बघू शकत नाही. नाव काढून टाकलं तर 'शिनुनोगा ई-वा' परत रीलचं गाणं होऊन बसतं.

उलट मी म्हणेन की ज्याला हे नाव कुठून आलं ते माहीत आहे त्याला अल्बम जास्त नीट कळतो. आपण त्या बाबतीत जपानी श्रोत्यांच्या एक पाऊल पुढे आहोत, फुकटात.

शंकासुर:

पत्र चांगलं असलं म्हणून पाकिटावरचा शिक्का दिसेनासा होत नाही. भक्त असण्याला माझी ना नाही, ज्याची त्याची मर्जी. पण ज्या माणसावर इतके गंभीर आक्षेप जाहीरपणे घेतले गेले त्याचं ब्रीद तुम्ही विकता तेव्हा ऐकणाऱ्याला ते ठाऊक असायला हवं, एवढंच. हा धागा वाचणाऱ्याला आता ठाऊक झालं, माझं काम झालं. गाणी ऐकतो आज रात्री, मग बोलतो.

पेटीवाले काका:

मंडळी, मी साठी ओलांडलेला माणूस, जपानी तर सोडाच इंग्लिश गाणी पण बेताचीच ऐकलेली, पण आमच्या नातीने हे लावून दिलं आणि काल दुपारी पूर्ण ऐकलं. शब्दांचं तुम्ही बोला, मी गळ्याचं बोलतो.

हा पोरगा स्वर सरळ लावतच नाही. खालून मींडेने घेतो आणि वर पोचला की तिथे थांबत नाही, एक लहानशी हरकत टाकून सोडून देतो, आणि ती सोडायची जागा दर वेळी नेमकी. त्या आठव्या गाण्यात सुरुवातीला जुन्या जपानी सिनेमातल्या बाईने गावं तसं गातो, म्हणजे शेवटचा स्वर हलवत ठेवतो, आणि खाली ढोल वाजतोय तो मात्र आजकालच्या पोरांचा, ती टिकटिक टिकटिक वेगाने चालते ना ती. दोन जमाने एकमेकांवर ठेवलेत आणि मधे सांधा दिसत नाही. नात म्हणाली आजोबा याला ट्रॅप म्हणतात. म्हणोत.

पियानो वाजवणारा गायक आणि गाऊन मग पियानो शिकलेला गायक यात फरक असतो, हा पहिल्या जातीचा. 'नान-नान'मध्ये डाव्या हाताचे जे सूर आहेत ते पेटीवर बसवायला गेलो तर भात्यानेच माघार घेतली. आमच्या पेटीचा तो पिंडच नव्हे. पण 'यासाशिसा'ची चाल बसते, अगदी सुरेख बसते, काळी चार धरून वाजवून पाहिली.

शेवटच्या गाण्यावर एकच म्हणतो, वैकुंठाला निघालेले तुकोबा गाववाल्यांचा निरोप घेतात तो प्रसंग आठवला.

सुपारीफोड:

काका बाकी सगळं कबूल पण प्रत्येक गोष्टीत तुकोबा आणायलाच हवेत का. परवा पिझ्झाच्या धाग्यावर पण आले होते.

पेटीवाले काका:

पिझ्झाच्या धाग्यावर मी नव्हतो, तो दुसरा काका.

आर्या_पुणे३८:

🤣🤣 पण काकांचं थोडं खरंय आणि थोडं नाही. 'काएरो'मध्ये निरोप आहे पण तो निघून जाणाऱ्याचा पक्का झालेला निरोप नाहीये. तू मावळतीच्या उन्हात विरघळलास, मी पहाटेत विरले, तू दिवा लावलास आणि मी उजेड शोधत राहिले, अशी दोन माणसं शेजारी शेजारी चालतात गाण्यात. मग तो म्हणतो द्वेष करून करून शेवटी काय उरतं, चल मीच आधी विसरते. आणि सगळं सोडून रिकामं होऊन घरी जायचं म्हणतो, आणि अगदी शेवटची ओळ काय तर, आता आजपासून जगू कसं? पूर्ण गाणं मरणावर आणि शेवट जगण्याच्या प्रश्नावर, तिथे अल्बम संपतो, पुढे काही नाही. तुकोबांना तो प्रश्न पडलेला नव्हता ना, ते निघालेच होते. हा पोरगा तेव्हा बावीसचा होता, त्याला उद्या सकाळी उठायचंय.

मला त्या शेवटच्या ओळीनंतर लगेच पहिलं गाणं लावायचा मोह होतो, मी आधीच सांगितलं होतं ना वालं. लावून बघा, जुळतं.

चिंगी_डी:

आर्या तू तर पेपरच सोडवलास. मी काल पूर्ण ऐकला. मला मधली तीन-चार गाणी एकसारखी वाटली, 'किरि गा नाइकारा' आणि 'त्सुमि नो काओरि' सोडून, त्या दुसऱ्यात ते ब्रास वाजतं ना ते ऐकून मी किचनमध्ये नाचले. 'काझे यो' कंटाळवाणं वाटलं, सॉरी नॉट सॉरी. आणि 'सायोनारा बेइबे' एकदम आवडलं, ते गाव सोडून जातानाचं आहे का?

निशिकासाईकर:

हो, गाव सोडून तोक्योला येताना. तो २०१९ मध्ये आला आणि त्याच वर्षाच्या शेवटी 'नान-नान' निघालं. 'काझे यो'वर थोडी दया करा, काझे म्हणजे वारा, ते त्याचं स्वतःचं नाव आहे, म्हणजे तो स्वतःलाच हाक मारतोय, परत तेच. हेडफोन लावून रात्री ऐका, किचनमध्ये ते चालणार नाही.

आणि ज्यांना लाइव्ह बघायचंय त्यांच्यासाठी: सप्टेंबर २०२१ मध्ये याने योकोहामाच्या निस्सान स्टेडियममध्ये एक कार्यक्रम केला, प्रेक्षक शून्य. करोनामुळे लोकांना न बोलावता यूट्यूबवर फुकट दाखवला. एवढं अवाढव्य मैदान, मधोमध हिरवळीवर एक ग्रँड पियानो, एकटा माणूस, आणि वरून पाऊस. पियानोवर पाणी पडतंय आणि हा गातोय. मी घरी टीव्हीवर लावून बसलो होतो, बायको जाता जाता म्हणाली याच्या पियानोचं कसं व्हायचं, आणि ती पण मग उभ्या उभ्या शेवटपर्यंत बघत राहिली.

केळफूल:

तो 'ग्रेस'चा व्हिडिओ पण बघा मग, ऑक्टोबर २०२२ चा. उत्तराखंडात शूट केलाय. जपानी गायकाच्या व्हिडिओत आपली गंगा आणि आपली माणसं, आणि ती परदेशी लोक दाखवतात तशी गरिबीची जत्रा करून दाखवलेली नाहीत. या अल्बममधला नाहीये तो, अवांतर आहे, पण शंकासुरना पुरावा म्हणून उपयोगी पडेल 😛

शंकासुर:

ऐकला. दोनदा.

पुरावा वगैरे नको, माझं मत तिथेच आहे. नाव बदललं असतं तर मला जास्त मोकळेपणाने ऐकता आलं असतं. पण 'मो ए वा' लय भारी गाणं आहे हे मान्य करायला मला कोणत्याही बाबाची परवानगी लागत नाही. आणि धागाकर्त्याचा तो दावा की आठवं गाणं ओळीने ऐकलं की बदलतं, तो पूर्ण पटला नाही. सातवं 'तोकुनि नाइ', म्हणजे मला काही नको, आणि लगेच आठवं, तू नसशील तर मरण बरं. ही वाट आतल्या मी-कडे जाते असं तुम्ही म्हणता, मला तर तो स्वतःचीच खिल्ली उडवतोय असं वाटतं. आत्ता म्हणालास काही नको, आणि दुसऱ्या मिनिटाला गुडघ्यावर! त्यात ती करंगळी गुंतवून शपथ घ्यायची आणि मोडली तर सुया गिळायच्या, ही जपानी शाळकरी पोरांची शपथ आहे ना? आर्यांनी सांगावं. मरणाच्या गोष्टीत पोरांची शपथ घालणारा माणूस गंभीर नसतो.

आर्या_पुणे३८:

हो, पोरांचीच. करंगळीची शपथ मोडली तर हजार सुया गिळायला लावीन अशी ती असते. आणि त्या ओळीच्या शेवटी त्याने एक पाणचट शब्दखेळही केलाय, इंग्लिशमधला 'मंडे' उगाच नम्रतेच्या क्रियापदाला जोडून. आमच्या सेन्सेई, म्हणजे क्लासमधल्या बाई, ऐकून डोळे फिरवतील. म्हणजे शंकासुर यांचं मत मला धागाकर्त्यांपेक्षा जास्त पटतंय चक्क.

कोपऱ्यातला_श्रोता:

दातात शेवाळं अडकवून आतल्या आवाजाचं गाणं सुरू करणारा माणूस आहे तो, खिल्ली उडवतो म्हणून मनापासून म्हणत नाही असं कसं म्हणता? दोन्ही एकदम चालतं त्याचं. त्याने स्वतःच 'तू' म्हणजे आपल्या आतलाच लाडका माणूस असं सांगितलंय. पण शंकासुर, सातव्यानंतर आठवं हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, ते जबरी आहे, आता मला ते ऐकताना दरवेळी हसू येणार.

सुपारीफोड:

शफलवर ऐकणाऱ्यांना सातव्यानंतर नववं येतं आणि ते सुखी असतात.

पेटीवाले काका:

निशिकासाईकर, त्या कव्हरवाल्या चकतीत कुठली गाणी आहेत त्याची पूर्ण यादी टाकाल का. नातीला एमी वाईनहाऊसचं हवंय म्हणते, ते त्यात आहे असं तिला कुणीतरी सांगितलं.

निशिकासाईकर:

आहे काका, 'स्ट्राँगर दॅन मी'. पूर्ण यादी व्यक्तिगत निरोपात पाठवतो. आणि दुसऱ्या अल्बमवर बोलायचं असेल तर कृपया कोणीतरी वेगळा धागा काढा, त्यातल्या 'किरारि' गाण्यावरून इथे भांडणं सुरू झाली तर मी झोपायला जाणार आहे, इथे रात्रीचे दोन वाजलेत.